पान एकेचाळीसवरचा ठिपका

माझ्या मामाने एकतीस वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी जगाचे नकाशे काढले, आणि घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता काही त्याला शेवटपर्यंत धड सापडला नाही. दोनच वळणं होती. दुसऱ्या वळणाला तो हमखास चुकायचा आणि लाकडाच्या वखारीत जाऊन उभा राहायचा. वखारवाला लांबूनच ओरडायचा, "मागे फिरा, नकाशेवाले!" मामाला त्याची लाज नव्हती. "जग मोठं असतं म्हणून सापडतं," तो म्हणायचा. आई म्हणायची, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

तो गेला त्याला दोन वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी करून पाहिलं, फारसं जमत नाही. मामा तिरसट होता, हट्टी होता, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही, आणि एकदा मनात धरलं की धरलं. पण मी त्याची उणीदुणी काढायला बसलेली नाही. मी त्याचं एक नुकसान केलं, चांगलं मन लावून केलं, आणि ते कसं केलं ते मला एकदा लिहून काढायचंय.

पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी त्याचं उतरतं टेबल होतं. टेबलावर शाईच्या चार बाटल्या, गोळ्यांच्या जुन्या डबीत ठेवलेल्या निबा, एक भिंग आणि अर्धं ब्लेड. चुकलेली शाई त्या ब्लेडने खरवडायची, पण कागदाला खरचटता कामा नये. "रेघ काय, कोणीही काढेल," तो म्हणायचा, "खरवडायला हात लागतो." डबाही तो तिथेच खायचा, नकाशावर वर्तमानपत्र पसरून, आणि तेही समुद्राच्या बाजूला. सांडलंच तर पाण्यावर सांडावं. समुद्र काढायला त्याला फार आवडायचे. समुद्रात कोणी राहत नाही, त्यामुळे तक्रारीची पत्रं येत नाहीत.

मामा यहुदी होता. आईही यहुदीच, म्हणजे लग्नापर्यंत तरी. माझे बाबा ख्रिस्ती, आणि भिंतीला भिंत लागून राहणारे मिस्त्रीकाका मुसलमान. शुक्रवारी दुपारी मिस्त्रीकाका थापी धुऊन ठेवायचे, शनिवारी मामा टाकाला हात लावायचा नाही, रविवारी बाबा चर्चमध्ये. तिघांनी मिळून आठवड्याची शेपूट वाटून घेतली होती. एकदा शुक्रवारी नळ फुटला तर आई म्हणाली, "वाहू दे सोमवारपर्यंत. सगळ्यांचे देव कामात आहेत."

आईच्या लग्नाला मामा आला नव्हता. समोरच्या घरात, म्हणजे माझ्या आजोळी, दार लावून बसला होता. वर्षभर बहीण-भाऊ समोरासमोरच्या खिडक्यांत उभे राहून एकमेकांना दिसत नसल्यासारखे वागले. मी झाले तेव्हा मात्र रस्ता ओलांडून आला. पाळण्यात डोकावून म्हणाला, "आई आमची, म्हणजे पोरगी आमची. आमच्यात आईवरून मोजतात." बाबा म्हणाले, "हिची नोंद आमच्याकडे झाली आहे, पाणीसुद्धा शिंपडून झालं." मामा म्हणाला, "वाळेल ते." असा आमचा समेट झाला. पुढे त्या दोघांच्या मोजामोजीचा मला इतका कंटाळा आला की सोळाव्या वर्षी मी मामाला तोंडावर सांगितलं, "मला तुझ्यात धरू नकोस. मी कोणाच्यातच नाही." मामा गप्प बसला म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

आता थोडं मागचं, म्हणजे मी झाले त्या वर्षीची गोष्ट. सातवीच्या इतिहासात 'एका मुळाचे तीन धर्म' नावाचा धडा घालायचं ठरलं. कार्यालयाने तिन्ही धर्मांचा एकेक जाणकार बोलावला. समान गोष्टींची चौकट अर्ध्या तासात लिहून झाली: देव एकच, देवाचा निरोप आणणारे प्रेषित, लिहून ठेवलेला ग्रंथ, उपवास, दान, मेल्यावर हिशेब. मूळपुरुषही तोच, फक्त एकाकडे अव्राहाम, दुसऱ्याकडे अब्राहम, तिसऱ्याकडे इब्राहीम. चहा झाला, तिघांनी एकमेकांची पाठ थोपटली. मग नकाशाच्या रंगांचा विषय निघाला आणि दोन दिवस गेले. एकाने हिरवा आल्या आल्या उचलला, दुसऱ्याने निळा. तिसऱ्याला पिवळा उरला तेव्हा "आम्हाला काय कावीळ झालीय?" म्हणून ते उठून चालू लागले. त्यांना जिन्यावरून जांभळा देऊन परत आणावं लागलं.

"एका बापाची तीन पोरं," मामा हे सांगताना म्हणायचा. "बाप कोण यावर एकमत. बाकी सगळं कोर्टात."

नकाशा काढायचं काम मामाकडे आलं. जगाचा कोरा नकाशा, आणि त्यावर बाण. वाळवंट आणि समुद्र यांच्यामधल्या एका चिंचोळ्या पट्टीतून दोन धर्मांचे बाण निघतात, तिसऱ्याचा थोडा खालून, वाळवंटातून. जांभळा बाण जहाजांबरोबर महासागर ओलांडून पलीकडचे दोन्ही खंड भरून टाकतो. हिरवा तांड्यांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेच्या किनाऱ्यापासून पूर्वेच्या बेटांपर्यंत पोचतो. यहुद्यांचे निळे बाण सुतासारखे, दहा दिशांना गेलेले, कुठेच जाड न झालेले. धड्यात मथळा होता 'प्रसार'. मामाने समासात पेन्सिलीने लिहिलं, 'त्या दोघांचा प्रसार. आमची पांगापांग.' ते अर्थातच कोणी छापलं नाही.

नकाशाची सूची त्यानेच आपल्या अक्षरात लिहिली. जिथे ज्या धर्माचे लोक जास्त, तिथे तो रंग भरायचा. जिथे थोडे, तिथे ठिपका. एक ठिपका म्हणजे किमान दहा हजार माणसं. त्याहून कमी असतील तर काही नाही. नियम म्हणजे नियम, कुठेतरी रेघ मारावीच लागते, नाहीतर नकाशा गोवर आल्यासारखा दिसेल.

आमच्या गावात तेव्हा यहुद्यांची अकरा घरं होती.

शनिवारची सुट्टी भरून काढायला मामा रविवारी एकटाच कार्यालयात बसायचा. अशाच एका रविवारी त्याने सगळ्यात बारीक निब घेतली, निळ्या शाईत टेकवली, आणि जिथे आमचं गाव असेल तिथे एक ठिपका दिला. बाकीचे ठिपके मोहरीएवढे, हा खसखशीएवढा. ज्या माणसाने अख्ख्या जन्मात रस्ता ओलांडण्याचासुद्धा नियम मोडला नाही, त्याने केलेली ही एकुलती एक लबाडी. कोणाला दिसली नाही, कोणाला त्याने सांगितली नाही. मूळ नकाशा तोच राहिला, दर आवृत्तीला त्याचाच फोटो काढून छापायचे, आणि एकतीस वर्षं सातवीत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात तो ठिपका होता. माझ्याही होता. मी त्या नकाशावर मिशा काढल्या होत्या.

अकरा घरांची पुढे आठ झाली, आठाची चार. कोणी मुलाकडे परदेशी गेलं, कोणी शहरात, कोणी मातीत. गल्लीच्या टोकाला आमची प्रार्थनेची जागा होती, एक दालन आणि पुढे ओटा. तिथे सामुदायिक प्रार्थनेला दहा मोठे पुरुष लागतात, नऊ झाले तरी चालत नाही. मामा दर शनिवारी दहा खुर्च्या मांडायचा. नऊ जण आले की दहाव्याची वाट बघत बसायचे, मग आपापलं पुटपुटून घरी. एकदा छप्पर गळत होतं म्हणून मिस्त्रीकाका शिडीवर होते. वरून म्हणाले, "मला बसवा की दहावा! मूळपुरुष एकच आहे म्हणता ना पुस्तकात?"

मामा म्हणाला, "मूळपुरुष एक आहे रे. पण यादी वेगळी."

"आमचीही वेगळीच आहे म्हणा," मिस्त्रीकाका म्हणाले आणि कौल बसवायला लागले.

शेवटी चारच खुर्च्या भरायला लागल्या. शहरातल्या विश्वस्तांनी ती जागा विकली. तिथे आता फरशांचं दुकान आहे. दुकानदाराला दारावरची अक्षरं कोरलेली शिळा नको होती. घण मारून पाडायला माणूस ठरला होता. मिस्त्रीकाकांनी त्याला हाकलून दिलं, तीन दिवस छिन्नीने कडा सोडवत बसले आणि शिळा अख्खी उतरवली. चार जणांनी उचलून ती त्यांच्याच पडवीत नेऊन ठेवली. त्यांच्या बायकोने विचारलं, "ही इथे काय करणार?" ते म्हणाले, "काही नाही. राहील." मामा तेव्हा दारात उभा होता. धन्यवाद वगैरे त्याच्या तोंडून कधी यायचं नाही, तेव्हाही आलं नाही. पण त्या दिवसापासून मिस्त्रीकाकांच्या बाबतीत तो एक शब्द वाकडा बोलला नाही, आणि हे फक्त त्यांच्या वाट्याला आलं.

मला त्या कार्यालयात नोकरी मामाच्याच शब्दावर लागली. हाताने काढलेले जुने नकाशे आता यंत्रावर घेऊन संगणकात साठवायचे होते. जुन्या कागदावर काय काय असतं! शाईचे शिंतोडे, धुळीचे कण, चहाचे थेंब, माशांनी केलेली घाण. पडद्यावर दहापट मोठं करून ते एकेक टिपून पुसायचं, हे माझं काम. कार्यालयात मला डागबाई म्हणायचे. मी कामात चांगली होते, हे मीच सांगितलं पाहिजे, कारण आता ते सांगायला दुसरं कोणी नाही. माझ्या हातून सुटलेला डाग वरच्या मजल्यावर कोणाला कधी मिळाला नाही.

मामा निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. गुडघ्यांनी दगा दिला होता, समोरच्या घरात खिडकीशी बसून असायचा. आई त्याच वर्षी गेली होती, त्यामुळे त्याचा डबा मीच नेऊन द्यायचे. एके दिवशी मी म्हणाले, "तुझा तीन धर्मांचा नकाशा आलाय माझ्याकडे. नव्या पुस्तकात पान एकेचाळीसवर जाणार."

तो जेवायचा थांबला. "कधी करणार?"

"उद्या."

"जपून कर हं," मामा म्हणाला.

"जपूनच करते मी सगळं."

"तसं नाही. तो जपून कर."

मला तेव्हा रागच आला. सहा वर्षं मी हेच काम करत होते आणि हा मला शिकवणार! पण जिद्दही चढली. म्हटलं, दाखवतेच तुला.

दुसऱ्या दिवशी इतर नकाशांना वीस मिनिटं द्यायचे तिथे त्या नकाशाला मी अख्खी सकाळ दिली. किनाऱ्याच्या रेघा जिथे पुसट झाल्या होत्या तिथे जोडल्या. जांभळ्यावर पडलेला तेलाचा डाग काढला. समुद्र सोडून जमिनीवर सांडलेला तो एकच घास असावा. मग तुकड्या-तुकड्याने बघत आमच्या गावाशी आले. तिथे एक निळा कण दिसला. सूचीशी ताडून पाहिला. ठिपक्याच्या मापात बसत नव्हता, पावपटसुद्धा नव्हता. इथे दहा हजार यहुदी कुठून असणार, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? निब झटकताना उडालेली शाई, असं मी स्वतःशी म्हटलं. आणि पुसला. पुसताना खालच्या कागदाचा रंग बिघडू नये म्हणून कडेकडेने, हलक्या हाताने पुसला. जपून.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी वरून मागून घेतली आणि थेट मामाकडे गेले. त्याने हात लुंगीला पुसले, भिंग घेतलं, पान एकेचाळीस उघडलं. भिंग दुसरीकडे कुठेच गेलं नाही. सरळ आमच्या गावावर गेलं आणि तिथेच थांबलं. मग थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, परत तिथेच. रस्ता चुकल्यावर वखारीत उभा राहायचा तसा दिसत होता.

"इथे काहीतरी होतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले, आणि हे सांगताना मी खुशीत होते, ते मला आजही विसरता येत नाही. "डाग होता. काढला."

"डाग होता," मामा म्हणाला.

"कळतसुद्धा नाही बघ, होता म्हणून."

"नाही कळत," तो म्हणाला. "हात चांगला आहे तुझा."

त्याने मला आयुष्यात केलेली ही एकच स्तुती. मग त्याने सगळं सांगितलं, रविवारचं, बारीक निबेचं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "बेचाळीस माणसं होतो आपण त्या वर्षी," तो म्हणाला. "मग पाळण्यातली तू. त्रेचाळीस. तुला धरून टिंब दिलं होतं."

"मग सांगायचं होतंस ना मला!"

"सांगितलं की. जपून कर म्हटलं."

एकच शब्द, त्याने एका अर्थाने दिला, मी दुसऱ्या अर्थाने घेतला. तो म्हणत होता सांभाळ, मी ऐकलं की नीट पूस. इतकी वर्षं एकाच भाषेत बोलत होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य संपादकबाईंकडे गेले. वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला बसवलं, ऐकून घेतलं. मी म्हणाले, "मॅडम, माझ्याकडून एक ठिपका चुकून गेलाय. पुढच्या छपाईत परत घ्यायचाय."

त्यांनी फाइल मागवली. त्यातून सूचीचा कागद काढून माझ्यासमोर धरला. मामाचंच वळणदार अक्षर: एक ठिपका म्हणजे किमान दहा हजार. "नियमात बसत असेल तर आजच घेऊ," त्या म्हणाल्या. "किती आहेत त्या गावात?"

मी मनात घरं मोजली. कोपऱ्यावरचे सुतार गेले. शिंपी मुलाकडे गेला. दोघी बहिणींपैकी धाकटीही मागच्या वर्षी गेली. आई गेली.

"दोन," मी म्हणाले.

"दोन हजार?"

"दोन. दोन माणसं."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कागद फाइलीत ठेवत हळूच म्हणाल्या, "दोन माणसांसाठी सहा लाख पुस्तकं कशी बदलू, सांग?" जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एक नाही म्हणाले, दोन म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं, कोणी धरलं नव्हतं. आपसूक आलं तोंडातून.

संध्याकाळी डबा घेऊन गेले. पुस्तक तसंच उघडं होतं, पान एकेचाळीस, त्यावर भिंग.

"काय म्हणाली बाई?"

"किती आहेत विचारलं."

"मग?"

"दोन सांगितले."

"दोन कुठले? मी एकटाच तर उरलोय."

"मला धरून," मी म्हणाले.

मामाने भिंग उचलून बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता तरी याचा चेहरा सैल पडेल, निदान डोक्यावर हात ठेवेल. मी थोडी पुढेही झाले.

"मी तुला पाळण्यापासून धरत होतो," तो म्हणाला. "तू पुसून झाल्यावर मोजायला लागलीस."

त्याने पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं. "घेऊन जा हे. सातवीचं आहे, माझ्या काय कामाचं." मग डबा उघडून जेवायला बसला.